मिरजेचे डॉक्टर वानलेस आणि डोळ्यांतील भिंग

भिवंडीच्या मागावर बसणाऱ्या विणकराची चाळिशी उलटली म्हणजे तुटलेला धागा सांधतांना त्यास तो हातभर दूर धरावा लागतो. पुढें साठीच्या सुमारास कित्येकांच्या डोळ्यांत मोतीबिंदु होतो. या दोन्ही गोष्टींचें मूळ बुबुळामागील एका लहानशा भिंगांत आहे. हें गढूळ झालेलें भिंग ज्यांनीं हजारो लोकांच्या डोळ्यांतून काढिलें, त्या सर विल्यम वानलेस यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

त्यांचा जन्म १८६५ सालीं कॅनडांत झाला. न्यूयॉर्क येथें वैद्यकीचें शिक्षण पुरें करून ते १८८९ सालीं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीनें सपत्नीक या देशीं आले. आरंभीं ते सांगलीस होते. नंतर मिरजेस गेले व १८९४ सालीं तेथें त्यांचें हॉस्पिटल उघडलें. तीन वर्षांनीं वैद्यकीची शाळाहि निघाली. वानलेसवाडीस त्यांचेंच नांव आहे.

त्या काळीं खेडोपाडीं फिरणारे वैदू मोतीबिंदूवर सुई चालवीत. ते भिंग बाहेर काढीत नसत. सुईनें डोळ्याच्या तळाशीं लोटून देत. पुष्कळांस तत्काळ दिसूं लागे, वैदू बिदागी घेऊन पुढच्या गांवीं जाई, आणि मागाहून डोळा सुजून पिकला म्हणजे त्या बिचाऱ्याची उरलीसुरली दृष्टीहि जाई. ही विद्या फार जुनी आहे. सुश्रुतानेंहि ती वर्णिली आहे. तिला नुसतें हसणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. परंतु वानलेस यांची रीत निराळी होती. कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर होतो हें १८८४ सालीं व्हिएन्ना येथें कळून आलें होतें. तसा तो बधिर करून बुबुळाच्या कडेशीं बारीक छेद घ्यावयाचा व भिंगच बाहेर काढावयाचें. मग रोग्यानें पट्टी बांधून कित्येक दिवस निश्चल पडून राहावयाचें.

येथें कोणी विचारील कीं, भिंगच काढिलें तर मनुष्यास दिसतें कसें? पाण्यांत तिरपी धरलेली काठी मोडल्यासारखी दिसते, कारण हवेंतून पाण्यांत किंवा पाण्यांतून हवेंत जातांना उजेडाची वाट वांकते. डोळ्याच्या दर्शनीं जो काचेसारखा स्वच्छ पडदा आहे, त्यांत हवेंतून शिरतांनाच किरण वांकतात. एकंदर वांकण्यापैकीं सुमारें दोन तृतीयांश काम हा पडदा करितो, उरलेलें भिंग करितें. दोघे मिळून किरण मागच्या पडद्यावर नेमके एकत्र आणितात, व तेथें समोरील वस्तूचें उलटें चित्र उमटतें. जवळचें पाहतांना भिंग फुगतें, दूरचें पाहतांना चपटें होतें. वयपरत्वें तें ताठर झालें कीं फुगत नाहीं. म्हणून आमचा विणकर धागा दूर धरितो. भिंग काढिल्यानें जी एक तृतीयांश शक्ति गेली, ती जाड कांचांच्या चष्म्यानें बव्हंशीं भरून निघे. मात्र मागचा पडदाच मेला असेल तर चष्मा काय करणार? म्हणून डॉक्टर आधीं रोग्यास दिव्याचा उजेड कोणत्या बाजूनें येतो हें कळतें कीं नाहीं, तें पाहतात.

माशाची गोष्ट निराळी. पाणी व त्याच्या डोळ्याचा दर्शनी पडदा उजेडास जवळजवळ सारखेच, त्यामुळें तेथें किरण फारसे वांकत नाहींत व सारा भार भिंगावर पडतो. खाडीचा मासा शिजविला म्हणजे त्याच्या डोळ्यांतून जी वाटोळी पांढरी गोळी निघते, तेंच तें भिंग. तें बहुधा फुगत नाहीं, पुढें-मागें सरकतें. मनुष्यावरील ही शस्त्रक्रिया माशावर केली तर त्याच्या डोळ्यांत चित्रच उमटणार नाहीं.

वानलेस यांस १९२८ सालीं 'सर' ही पदवी मिळाली, व १९३३ सालीं अमेरिकेंत त्यांचें देहावसान झालें. पुढें १९४९ सालीं लंडन येथें हॅरॉल्ड रिडले यांनीं काढिलेल्या भिंगाच्या जागीं प्रथमच कृत्रिम भिंग बसविलें. आज मोतीबिंदु काढितांना बहुतेकांस तसेंच भिंग बसवितात, आणि ते जाड कांचांचे चष्मे आतां क्वचितच दृष्टीस पडतात.