विल्यम कॅरी आणि दोर धरणारे हात

विल्यम कॅरी म्हटले की बंगालमधील श्रीरामपूरचा छापखाना, पंडितांच्या घोळक्यात बसलेले भाषांतरकार आणि हुगळीच्या काठचे महाविद्यालय आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. शब्बाथशाळेच्या भिंतीवर टांगलेल्या चित्रांत याच्या अलीकडचे एक दृश्यही असते. चांभाराच्या बैठकीवर बसलेला एक तरुण आणि समोर भिंतीला लावलेला जगाचा नकाशा. या दोन चित्रांच्या मध्ये काय घडले, हे मात्र कोणी रंगवीत नाही. एका गरीब पाळकाने आपल्या कुटुंबासह समुद्रापार जाण्याचे ठरवले, आणि त्या प्रवासाचा खर्च मंडळ्यांतून गोळा करावा लागला, एवढीच खरे तर ती हकीकत. या लेखात मुख्यतः त्या आठ महिन्यांविषयी लिहायचे आहे. भाषांतराच्या कामात आयुष्य गेल्यामुळे मीही मदतीची याचना करणारी पत्रे पुष्कळ लिहिली आहेत. कदाचित त्यामुळेच कॅरींच्या चरित्रातील हा भाग मला अधिक जवळचा वाटतो.

कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्थहॅम्प्टनशर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील एडमंड हे विणकर होते. पुढे ते गावच्या शाळेचे शिक्षक झाले. विल्यम चांभारकाम शिकला आणि विसावे वर्ष पुरे होण्याआधीच, जून १७८१ मध्ये, पिडिंग्टन गावच्या डोरथी प्लॅकेट हिच्याशी त्याचा विवाह झाला. ती वयाने त्याच्यापेक्षा पाच वर्षांहून मोठी होती. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून विवाहाच्या नोंदवहीत तिने सहीऐवजी फुली काढली. पुढे कॅरी मोल्टन येथे आणि १७८९ पासून लेस्टर येथे बाप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले. मोल्टनचे वेतन इतके तुटपुंजे होते की शाळा चालवून आणि जोडे शिवूनही घर भागत नसे. दोन मुली त्यांनी लहानपणीच मातीआड केल्या. अशा घरात हा माणूस लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकत होता.

१७९२ च्या मे महिन्यात त्यांचा परराष्ट्रीय सुवार्ताकार्यावरील निबंध लेस्टर येथे छापला गेला. तो छापण्यासाठी बर्मिंगहॅमच्या एका व्यापाऱ्याने दहा पौंड दिले होते. या निबंधातील देशोदेशींच्या लोकसंख्येच्या कोष्टकांचा उल्लेख सर्वत्र होतो. त्याच्या अखेरीस पैशांचा विचारही तितक्याच बारकाईने केलेला आहे, पण तिकडे फारसे कोणी वळत नाही. श्रीमंतांनी आपल्या मिळकतीचा दशमांश द्यावा आणि गरिबांनी आठवड्याला एक पेनी द्यावी, असे कॅरींनी सुचवले. त्या काळी गुलामगिरीच्या निषेधार्थ अनेक इंग्रज कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर वापरणे सोडून दिले होते. त्यामुळे काही घरांत आठवड्याला सहा पेन्स तर काहींत एक शिलिंगही वाचत असे. हीच बचत सुवार्तेसाठी द्यावी, असे त्यांनी लिहिले. घरातल्या साखरेच्या डब्यापर्यंत जाऊन मिशनचा हिशेब मांडणारा हा माणूस स्वप्नाळू होता, असे मला कधीच वाटत नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस नॉटिंगहॅम येथे त्यांनी यशयाच्या चौपन्नाव्या अध्यायावर आपला प्रसिद्ध उपदेश केला. त्यानंतर २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे वॉलिस नावाच्या एका विधवा भगिनीच्या घरी, मागच्या बैठकीच्या खोलीत चौदा जण जमले. बहुतेक सारे खेड्यापाड्यांतले पाळक होते. मिशन संस्था स्थापन करण्याचे ठरले, आणि अँड्र्यू फुलर हे चिटणीस झाले. त्या रात्रीच्या वर्गणीचा आकडा होता तेरा पौंड, दोन शिलिंग आणि सहा पेन्स. तीही रोख रक्कम नव्हती, केवळ वचने होती. सर्वांत मोठी वर्गणी दोन गिनींची, सर्वांत लहान अर्ध्या गिनीची. त्या यादीत कॅरी यांचे नाव आढळत नाही. देण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते. पुढच्या बैठकीला मात्र बर्मिंगहॅमचे तरुण पाळक सॅम्युएल पीअर्स आपल्या मंडळीने दिलेले सत्तर पौंड घेऊन आले.

फुलर यांच्याविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. केटरिंगची सभा भरली त्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी, ऑगस्टमध्ये, त्यांची पत्नी सारा मरण पावली होती. अखेरच्या काळात तिचे मन भ्रमिष्ट झाले होते आणि आपल्या पतीलाही ती ओळखेनाशी झाली होती. हा शोक उरात बाळगून हा मनुष्य वर्गणीसाठी दारोदार फिरला. लंडनमधील मोठ्या बाप्टिस्ट मंडळ्यांनी एकत्रितपणे या कार्यात पडण्यास नकार दिला. खेड्यातल्या पाळकांचे हे धाडस त्यांना बेभरवशाचे वाटले असावे. फुलर एकेकाच्या घरी जात. कोणी देई, कोणी देत नसे. नकार ऐकून डोळे भरून आले म्हणजे ते हमरस्ता सोडून मागच्या गल्लीत शिरत, कारण लोकांनी आपले अश्रू पाहू नयेत असे त्यांना वाटे.

१७९३ च्या जानेवारीत जॉन थॉमस यांच्यासह कॅरींची नेमणूक झाली. थॉमस हे शस्त्रवैद्य होते. बंगालमध्ये काही वर्षे राहून, बंगाली शिकून ते परत आले होते. अंतःकरणाने उदार, पण व्यवहारात कच्चे. त्यांच्या पाठीमागे सावकार लागले होते. कॅरींचा निर्णय ऐकून वडिलांना मुलाच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, अशी शंका आली. लेस्टरच्या मंडळीला दुःख झाले, परंतु ज्या कार्यासाठी आपण प्रार्थना केली त्यासाठी आपलाच पाळक द्यावा लागत आहे हे तिने ओळखले आणि मार्चमध्ये त्यांना निरोप दिला. पुढे फुलर हा काळ आठवताना खाणीचा दृष्टांत देत असत. खोल, अंधारी, कोणी न शोधलेली खाण म्हणजे हिंदुस्थान. कॅरी तीत उतरायला सिद्ध झाले, मात्र वर राहणाऱ्यांनी जिवात जीव असेपर्यंत दोर सोडू नये, असे जणू त्यांनी खाणीच्या तोंडाशी सर्वांकडून वदवून घेतले.

दोर धरायला मंडळी पुढे आल्या. घरातून मात्र होकार आला नाही. डोरथीने येण्यास स्पष्ट नकार दिला. तिने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. तिच्या कडेवर आणि पदराला तीन मुलगे होते आणि चौथे मूल पोटात होते. शिवाय फेब्रुवारीत फ्रान्सशी युद्ध सुरू होऊन समुद्रावरची वाट धोक्याची झाली होती. तिच्या या नकारावर कित्येक चरित्रकारांनी कठोर लेखणी चालवली आहे. मला ते मान्य नाही. दोन मुली पुरलेली आई आणखी तीन मुले घेऊन कशी निघेल? अखेर फेलिक्सला बरोबर घेऊन कॅरी एप्रिलमध्ये ऑक्सफर्ड नावाच्या जहाजावर चढले.

ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना त्यांच्यापाशी नव्हता. थॉमस यांच्या ओळखीमुळे कप्तानाने त्यांना घेतले होते. युद्धामुळे आरमारी संरक्षणाची वाट पाहत जहाज वाइट बेटापाशी सहा आठवडे थांबून राहिले आणि कॅरी किनाऱ्यावरील राइड गावी मुक्काम करून होते. तेथेच त्यांना डोरथीची सुखरूप सुटका होऊन मुलगा झाल्याची बातमी कळली. तेवढ्यात कप्तानाला एक निनावी पत्र आले. परवाना नसलेले उतारू नेल्यास कंपनीकडे तक्रार होईल, असा त्यात इशारा होता. घाबरून त्याने त्यांना सामानासह उतरवले. कॅरींच्या डोळ्यांदेखत जहाजांचा तांडा निघून गेला. मंडळ्यांच्या पै-पैशातून उभे राहिलेले प्रस्थान समुद्रकिनाऱ्यावर मोडून पडले.

थॉमस यांनी हार मानली नाही. लंडनमधील एका कॉफीगृहात चौकशी करता डेन्मार्कचे एक जहाज लवकरच इंग्लंडच्या किनाऱ्याला लागून बंगालकडे जाणार असल्याचे समजले. भाडे मोठ्या माणसास शंभर पौंड, मुलास पन्नास, सेवकास पंचवीस. ते दोघे रातोरात नॉर्थहॅम्प्टनकडे निघाले आणि सकाळच्या न्याहारीच्या वेळी पिडिंग्टनला डोरथीच्या दारात उभे राहिले. तान्ह्या बाळाला महिनाही झाला नव्हता. कॅरींनी पुन्हा विनवले, तिने पुन्हा नकार दिला. दोघे निघाले. वाटेत थॉमस एकटेच मागे फिरले आणि तिला म्हणाले की आज आली नाहीस तर कुटुंब कायमचे दुभंगेल आणि जन्मभर तुला पश्चात्ताप होईल. भयाने तिचे मन वाकले. धाकटी बहीण कॅथरिन बरोबर येत असेल तर येते, असे ती म्हणाली. कॅथरिनने क्षणभर प्रार्थना केली आणि होकार दिला. आवराआवरीला अवघा एक दिवस होता.

वर्गणी महिनोन्महिने मागितली गेली, आणि हा होकार मात्र एका सकाळीत मिळवला गेला. हे चरित्र वाचताना मी दरवेळी येथे थांबतो.

आता दोघांऐवजी आठ जणांचे भाडे हवे होते. नॉर्थहॅम्प्टनला डॉ. जॉन रायलंड यांच्या घरी हिशेब झाला. यॉर्कशरमधील मंडळ्यांनी जमवलेले सुमारे दोनशे पौंड नुकतेच त्यांच्या हाती आले होते. उरलेल्यासाठी त्यांनी लंडनमधील मित्रांना उसनवारीची पत्रे दिली. त्यांत एकेकाळी गुलामांच्या जहाजाचे कप्तान असलेले, आता वृद्ध झालेले पाळक जॉन न्यूटन यांचेही नाव होते. तरीही पैसे कमी पडत होते. तेव्हा थॉमस यांनी आपण आणि कॅथरिन सेवक म्हणून प्रवास करू, असे सांगून सर्वांचा सौदा तीनशे गिनींत केला. १३ जून १७९३ रोजी डोव्हरजवळ ती सर्व जण क्रोन प्रिन्सेसा मारिया या जहाजावर चढली. जहाजाच्या कप्तानाने सेवक म्हणून आलेल्या दोघांनाही इतरांसारखेच आदराने वागवले. पाच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, ते कलकत्त्यास पोहोचले.

निर्वाहासाठी रोख रकमेऐवजी विकण्याजोगा माल बरोबर दिलेला होता. तो विकून आलेला पैसा थॉमस यांच्या हातून भराभर संपला आणि काही आठवड्यांतच कॅरी कुटुंब परक्या शहरात निष्कांचन झाले. डोरथी आणि थोरला फेलिक्स आमांशाने आजारी पडले. कर्ज काढून कॅरी सुंदरबनच्या जंगलात जमीन कसण्यास गेले. १७९४ च्या मध्यास मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहण्याचे दोनशे रुपये महिन्याचे काम त्यांना मिळाले. लगेच त्यांनी इंग्लंडला लिहिले की आता मला तुमच्या पैशांची गरज नाही, ते दुसऱ्या कोणत्या तरी देशातील कार्यासाठी वापरावेत. समितीने मात्र उत्तरी व्यापारात गुंतू नये म्हणून कानउघाडणीच केली. पत्राला जायला यायला वर्षभर लागे. इतक्या लांबीच्या दोराला अशा गाठी पडणारच.

त्याच वर्षी मदनाबाटीला पाच वर्षांचा पीटर तापाने आणि आमांशाने दगावला. त्याच्यासाठी खड्डा खणायला आणि त्याला उचलायला माणसे मिळेनात. डोरथीचे मन यानंतर सावरले नाही. १७९५ पासून तिला भ्रमाने घेरले. पतीविषयी नाही नाही ते संशय तिच्या मनात येत. पुढे श्रीरामपूरला तिला कित्येकदा खोलीत बंद ठेवावे लागे. एका खोलीत तिचा आक्रोश चाले आणि शेजारच्या खोलीत कॅरी पवित्र शास्त्राचे भाषांतर करीत. बारा वर्षांनी, ८ डिसेंबर १८०७ रोजी, ती मरण पावली. इंग्लंडमध्ये दोर धरून उभे असलेले फुलर आपल्या घरात हेच दुःख भोगून चुकले होते. तरीही डोरथीला कसे सांभाळावे, याची तरतूद त्या काळच्या कोणत्याही समितीच्या हिशेबात नव्हती. आपल्या मंडळ्या आज अन्य प्रांतांत कुटुंबे पाठवतात तेव्हा मनीऑर्डरीच्या पलीकडे त्या घरातल्या स्त्रीची विचारपूस कोण करतो, हे ज्याने त्याने आपल्या मंडळीत पाहावे.

आपण मराठी भाषक तर कॅरींचे विशेष ऋणी आहोत. फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये कोश प्रसिद्ध केला. १८११ मध्ये मराठी नवा करार छापून झाला. आरंभी महिना पाचशे आणि १८०७ पासून हजार रुपये, असे त्यांचे वेतन होते. त्यातले अगदी थोडे स्वतःकडे ठेवून बाकी सर्व ते मिशनच्या सामाईक तिजोरीत घालत. म्हणजे वर्गणीवर आलेला हा मनुष्य स्वतःच मिशनचा एक मोठा वर्गणीदार झाला.

दोर मात्र वरच्यांनी सोडला नाही. केवळ स्कॉटलंडलाच फुलर पाच वेळा वर्गणीसाठी गेले. ११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरचा छापखाना जळाला. ती बातमी इंग्लंडला पोहोचताच जवळजवळ दोन महिन्यांत दहा हजार पौंड जमले, आणि आता पुरे, असे फुलर यांना मंडळ्यांना कळवावे लागले. १८१५ मध्ये मृत्यूनेच त्यांना चिटणीसपदावरून मुक्त केले.

पिडिंग्टनहून आईच्या कुशीत निघालेले ते तान्हे बाळ म्हणजे जाबेझ. तो मोठा होऊन कलकत्त्यास वकिलाच्या कचेरीत काम शिकू लागला. विश्वासाकडे त्याचा ओढा नव्हता आणि पित्याला त्याची सल होती. १८१२ मध्ये लंडनच्या एका मोठ्या सभेत डॉ. रायलंड यांनी ही गोष्ट लोकांपुढे मांडली आणि सारी सभा या एका मुलासाठी स्तब्ध होऊन प्रार्थनेत वाकली. त्यानंतर थोड्याच काळाने त्याचा पालट झाल्याचे वृत्त आले. १८१४ मध्ये तो आपल्या नवविवाहित पत्नीसह मोलुकास बेटांतील अंबोयना येथे सुवार्ताकार्यासाठी निघाला, तेव्हा पित्याने त्याच्या मस्तकावर हात ठेवून त्याला रवाना केले.