थॉमस क्रॅपर: फ्लशचा शोध न लावलेला प्लंबर

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दीड महिना गावी होतो. परत येऊन फ्लॅटचं दार उघडलं तर आत गटाराचा असा वास, की आई उंबऱ्यावरूनच मागे फिरली. मला वाटलं, पाईप फुटला असणार. प्लंबरकाका आले, पाहुण्यांच्या बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपची जाळी उचलून आत डोकावले आणि दोन मग पाणी ओतलं. झालं काम! तासाभरात वास गेला. पैसेसुद्धा घेईनात. त्या रात्री ट्रॅपबद्दल वाचायला बसलो आणि पोचलो एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये, थॉमस क्रॅपरकडे.

आधी ट्रॅप म्हणजे काय ते बघू. बेसिनखाली पाईपला जो बाक असतो, त्यात थोडं पाणी कायम साचून राहतं. साधारण ५० मिलिमीटर उंचीचा हा पाण्याचा थर म्हणजे गटार आणि घर यांच्यामधलं दार. सांडपाणी त्यातून खाली जातं, पण गटारातली हवा वर येऊ शकत नाही. झुरळंही अडतात. पाणी वाळलं की दार उघडं! आमच्याकडे तेच झालं होतं.

हा बाक १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने पेटंट केला, इंग्रजी एस अक्षरासारखा. क्रॅपरचा यू आकाराचा बाक साधारण शंभर वर्षांनी आला. फ्लशचा शोध क्रॅपरने लावला असं तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल, पण ते खरं नाही. सर जॉन हॅरिंग्टनने पाण्याने धुतल्या जाणाऱ्या संडासाचं वर्णन १५९६ मध्येच छापलं होतं. इंग्रजीतला तो घाण अर्थाचा शब्दही क्रॅपरच्या आधीचा, आडनावाशी जुळला एवढंच.

मग या माणसाने केलं काय? जन्म १८३६ चा, यॉर्कशायरमधल्या थॉर्न गावचा. १८५३ साली लंडनमध्ये चेल्सी भागात थोरल्या भावाकडे, जॉर्जकडे, प्लंबिंग शिकायला उमेदवार म्हणून लागला. १८६१ मध्ये स्वतःचा धंदा काढला. वेळ अगदी मोक्याची होती. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटसुद्धा हैराण झालं होतं आणि त्यानंतर जोसेफ बॅझलजेटच्या देखरेखीखाली शहरभर भुयारी गटारं बांधली जात होती. घरं गटारांना जोडलेली. पण जो पाईप घाण बाहेर नेतो, तोच बाहेरची हवा आतही आणू शकतो, आणि त्या काळी लोकांना याची खरोखर धास्ती होती.

कारणही तसंच होतं. १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट गेले, डॉक्टरांनी निदान केलं टायफॉइडचं. दहा वर्षांनी त्यांचा मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, स्कारबरोजवळच्या एका हवेलीत पाहुणा म्हणून राहून आला आणि टायफॉइडने मरता मरता वाचला. तिथेच उतरलेले लॉर्ड चेस्टरफील्ड आणि राजपुत्राचा एक मोतद्दार मात्र दगावले. ठपका हवेलीच्या गटारांवर आला. टायफॉइड वासाने नाही, दूषित पाण्या-अन्नातून पसरतो. म्हणजे भीतीचं कारण चुकीचं होतं, पण घरातले पाईप नीट करून घ्यायची घाई अगदी बरोबर! १८८० च्या दशकात याच राजपुत्राने सँडरिंगहॅमच्या आपल्या घराचं प्लंबिंग क्रॅपरकडे सोपवलं: तीस संडास, देवदाराच्या लाकडाच्या बैठका. राजघराण्याची सनद मिळाली आणि क्रॅपरचं नाव झालं.

त्याच्या नावावर नऊ पेटंट आहेत, फ्लशच्या टॉयलेटचं त्यात एकही नाही. पण मला विचाराल तर त्याचं मोठं काम वेगळंच. ज्या वस्तूचं नाव घ्यायलाही लोक लाजत, ती त्याने शोरूमच्या काचेमागे उघड मांडली. जे डोळ्यांसमोर नसतं त्याची देखभाल कोण करतो? आमचा ट्रॅप तरी कोणी बघितला होता?

त्याच्या कंपनीने विकलेली दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे व्हॉल्व्ह नसलेली फ्लशची टाकी. १८९८ चं ते पेटंट अल्बर्ट गिब्लिनचं, पण श्रेय बहुतेक वेळा क्रॅपरला जातं. आपल्याकडच्या जुन्या रेल्वे क्वार्टर्समध्ये साखळी ओढायची लोखंडी टाकी आठवते? तत्त्व तेच. साखळी ओढली की पाणी आतल्या नळीच्या तोंडावरून ढकललं जातं आणि सायफनने अख्खी टाकी रिकामी होते. तळाला व्हॉल्व्हच नाही, तर गळणार कुठून? ब्रिटनमध्ये व्हॉल्व्हच्या टाक्यांना परवानगी मिळाली ती थेट २००१ मध्ये.

आपल्या आजच्या टाक्यांत मात्र तळाला रबरी वॉशर असतो आणि तो झिजला की पाणी गुपचूप भांड्यात झिरपत राहतं. आवाजही होत नाही. तपासणं सोपं आहे: टाकीत खायचा रंग थोडा टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग दिसला की वॉशर बदला. मी केलं, दिसला. गावी जाण्याआधीपासून किती महिने पाणी वाया जात होतं, देव जाणे.

स्वयंपाकघरातला सिंक हे क्रॅपरचं क्षेत्र नव्हे, तरी सांगतो. तिथला बाक तळणीच्या तेलाने आणि चहाच्या चोथ्याने चोंदतो. गरम असताना तूप वाहून जातं, पुढे थंड पाईपात थिजतं. कढई आधी कागदाने पुसा, मग घासा.

क्रॅपर १९०४ मध्ये निवृत्त झाला आणि २७ जानेवारी १९१० रोजी वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये राजे आणि कवी पुरलेले आहेत, पण क्रॅपरचं नाव तिथे आहे ते मॅनहोलच्या झाकणांवर.

मी फोनमध्ये दर एक तारखेला आठवण लावली आहे, पाहुण्यांच्या बाथरूमसाठी. ती वाजेपर्यंत आई मगभर पाणी ओतून मोकळी झालेली असते.