जर्नल लिहिणारा कुंभार

जॉर्ज स्टब्सचं ‘हेमेकर्स’ नावाचं चित्र आहे, १७९४ सालचं. इंग्लंडच्या शेतावर गवत गोळा करणाऱ्या बायका, पुरुष, मागे गाडी. मला मात्र चित्रापेक्षा त्याच्या खालचा भाग जास्त आवडतो. कारण ते कॅनव्हासवर नाही, भाजलेल्या मातीच्या लंबगोल पाटीवर मिन्याच्या रंगांनी काढलंय. आणि ती पाटी बनवणारा जोसाया वेजवूड अगदी आपल्या जातकुळीतला, चक्क इंजिनिअर!

जन्म १७३० चा, स्टॅफर्डशरमधल्या बर्स्लेम या कुंभारांच्या गावात. नऊ वर्षांचा असताना वडील गेले आणि शाळा सुटली. पुढे देवी आल्या, उजवा गुडघा कायमचा अधू झाला. कुंभाराचं चाक पायाने फिरवायचं, आणि पायच साथ देईना! मग पठ्ठ्या वळला प्रयोगांकडे. कोणती माती, कोणती झिलई, किती आच, सगळं वहीत, नंबर टाकून. तेही सांकेतिक खुणांत, म्हणजे कुणी कॉपी मारायला नको. (आपली जर्नलं सबमिशनच्या आदल्या रात्री कशी ‘तयार’ होतात, ते इथे नको.)

१७६५ मध्ये राणी शार्लटची ऑर्डर मिळाली, नाव झालं. १७६८ मध्ये तो पाय कापावा लागला. भूल देणं तेव्हा नव्हतंच. पुढच्याच वर्षी एट्रुरियाचा नवा कारखाना सुरू!

स्टब्सला न उडणारे रंग हवे होते, पण तांब्याच्या पत्र्यावर मोठं चित्र जमेना. म्हणून तो वेजवूडकडे आला. मागणी साधी वाटते. पण माती भट्टीत आकसते. मोठी पाटी वाकते, तडकते. बऱ्याच खटपटीनंतर १७७० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या पाट्या धड निघू लागल्या.

या आकसण्यावरच त्याने पायरोमीटर बेतला. मातीचा मापाचा तुकडा भट्टीत टाकायचा, मग निमुळत्या खाचेत सरकवायचा. जितका आत जाईल तितकी आच जास्त. १७८२ मध्ये हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं, १७८३ मध्ये तो फेलो झाला. त्याने काढलेले तापमानाचे आकडे प्रत्यक्षापेक्षा फार जास्त होते, हे नंतर कळलं. पण कालची भट्टी आणि आजची भट्टी यांची तुलना तर करता आली! माझ्या मते निम्मं इंजिनिअरिंग तिथेच आहे.

स्टब्सच्या पाट्यांना गिऱ्हाईक फारसं मिळालं नाही. जानेवारी १७९५ मध्ये वेजवूड गेला. त्याच वर्षी स्टब्सने पीक कापणाऱ्यांचं ‘रीपर्स’ रंगवलं, पुन्हा वेजवूडच्याच पाटीवर.