विश्लेषण : दिग्दर्शकाच्या नावावर चित्रपटगृह किती काळ भरते? व्ही. शांताराम यांच्या साठ वर्षांचा हिशेब

नामवंत दिग्दर्शकाचा नवा चित्रपट जाहीर झाला की पहिला प्रश्न एकच असतो. त्याच्या नावावर आता गर्दी होईल का? व्ही. शांताराम यांच्याबाबत हा प्रश्न एकदा नव्हे, अनेकदा विचारला गेला. १९२७ च्या ‘नेताजी पालकर’पासून १९८७ च्या ‘झंझार’पर्यंत ते दिग्दर्शन करत राहिले. मूकपट, बोलपट, रंगीत चित्रपट आणि अखेर व्हिडीओ कॅसेट, या सगळ्या काळांत त्यांचे नाव पोस्टरवर होते. गर्दी मात्र प्रत्येक वेळी नव्हती.

गर्दी ‘प्रभात’ची की शांताराम यांची?

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापूरचा. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत मिळेल ते काम करत ते शिकले. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासोबत त्यांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ उभी केली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा पहिला मराठी बोलपट याच कंपनीचा. पुण्याला आल्यावर ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ असे एकाहून एक सरस चित्रपट शांताराम यांनी दिले.

पण प्रेक्षक तिकीट काढायचा ते ‘प्रभात’च्या तुतारीसाठी. त्यामुळे १९४२ मध्ये मतभेदांनंतर शांताराम बाहेर पडले, तेव्हा ही गर्दी नेमकी कुणाची, हे ठरायचे होते. त्यांनी परळला राजकमल कलामंदिर सुरू केले आणि पहिलाच चित्रपट काढला ‘शकुंतला’ (१९४३). मुंबईच्या ‘स्वस्तिक’मध्ये तो १०४ आठवडे चालला. ‘प्रभात’नेही नंतर ‘रामशास्त्री’सारखा यशस्वी चित्रपट दिला, पण पन्नासच्या दशकात ती कंपनी बंद पडली. आज तिच्या जागेत पुण्याची चित्रपट प्रशिक्षण संस्था आहे.

जमलेला डाव मोडण्याची सवय

त्यानंतरचे सगळेच चित्रपट चालले असे नाही. ‘परछाईं’, ‘सुरंग’ आज किती जणांना आठवतात? मग १९५५ मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ आला. शास्त्रीय नृत्य आणि टेक्निकलरचे झगझगीत रंग यांनी त्यांनी पुन्हा चित्रपटगृहे भरली. दुसरा कुणी असता, तर लगेच तसाच आणखी एक चित्रपट काढला असता. शांताराम यांनी दोनच वर्षांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. तो कृष्णधवल होता. त्यात सहा कैदी, एक जेलर आणि ओसाड माळ होता. कथा ग. दि. माडगूळकरांची. तिला आधार होता तो औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगाचा. जेलरची भूमिका त्यांनी स्वतः केली आणि बैलाशी झुंजीच्या प्रसंगात डोळ्यांना गंभीर इजा करून घेतली. १९५८ मध्ये बर्लिन महोत्सवात या चित्रपटाचा सन्मान झाला. डोळे बरे झाल्यावर १९५९ मध्ये त्यांनी रंगांचीच उधळण असलेला ‘नवरंग’ केला.

साठच्या दशकात मात्र पकड सुटत गेली. ‘गीत गाया पत्थरों ने’मध्ये (१९६४) त्यांनी जितेंद्र यांना नायक केले, पण प्रेक्षक जितेंद्र यांच्यावर खरा फिदा झाला तो दुसऱ्यांच्या ‘फर्ज’मध्ये. भव्य नेपथ्य आणि नाटकी अभिनय आता जुना वाटू लागला होता. १९७१ च्या ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’पर्यंत शांताराम संपले, असे म्हणायला जागा होती.

सत्तरीत ‘पिंजरा’ का चालला?

हिंदीत पाय घसरत असताना ते मराठीकडे वळले आणि थेट तमाशाच्या फडात शिरले. तमाशापट म्हणजे मराठी प्रेक्षकाच्या हक्काची जागा. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने ते १९५९ मध्येच दाखवले होते, तर १९७१ मध्ये दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ने तुफान गर्दी खेचली होती. ‘पिंजरा’साठी (१९७२) शांताराम यांनी अनंत माने यांनाच लेखनात सोबत घेतले. शंकर पाटील यांचे संवाद, जगदीश खेबुडकर यांची गाणी, राम कदम यांचे संगीत, आणि संध्या यांच्यासमोर रंगभूमीवरचे डॉ. श्रीराम लागू. मूळ कल्पना ‘ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाची; पण पडद्यावरचा मास्तर अस्सल गावातला वाटला. आदर्शाचा पुतळा झालेला हा मास्तर शेवटी स्वतःच्याच खुनासाठी फासावर जातो, म्हणजे माणूस मरतो आणि नाव राहते. लोकांनी हे पाहायला रांगा लावल्या, त्या केवळ शांताराम यांचे नाव वाचून नव्हे. यातले बरेचसे श्रेय शब्दांना, चालींना आणि लागूंना द्यावे लागेल. मात्र ही माणसे अचूक निवडणारा दिग्दर्शक सत्तरीचा होता.

‘झंझार’च्या वेळी काय बदलले?

विरार लोकलने दादरला उतरले की पश्चिमेला जवळच ‘प्लाझा’ आहे. हे चित्रपटगृह शांताराम यांनी विकत घेतलेले. म्हणजे पडद्याची चिंता त्यांना नव्हती. प्रश्न खुर्च्यांचा होता. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळची अनेक कुटुंबे वसई, नालासोपारा, विरारकडे पांगली. रात्रीच्या खेळाला चालत जाणारा प्रेक्षक आता लोकलच्या वेळापत्रकाला बांधला गेला. घरोघरी व्हिडीओ आला, १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले. १९८५ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार शांताराम यांना मिळालेला होता. तरी नातवाला नायक करून काढलेला ‘झंझार’ आला आणि गेला. पण दोष फक्त काळावर ढकलता येणार नाही. ‘पिंजरा’त त्यांनी प्रेक्षकाच्या ओळखीचे जग उभे केले होते, ‘झंझार’मध्ये स्वतःच्याच जुन्या चित्रपटांची छाया होती.

३० ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. २०१६ मध्ये त्यांचा चित्रपट डिजिटल रूपात पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तो ‘पिंजरा’.