मुरकुटे घराण्याचे नाना

मुंबईच्या जडणघडणीत अग्रक्रमाने नाव घ्यावे असे नाना ऊर्फ जगन्नाथ शंकरशेट मूळचे मुरकुटे, दैवज्ञ ब्राह्मण. अठराव्या शतकाच्या मध्यास त्यांचे आजोबा बाबुलशेट गणबाशेट कोकणातून मुंबईत आले. पुत्र शंकरशेट यांनी व्यापार भरभराटीस नेला. पुढे पित्याचे नावच आडनावासारखे रूढ झाले आणि मुरकुटे मागे पडले. फोर्टातील गनबो स्ट्रीट, म्हणजे आताचा रुस्तम सिधवा मार्ग, हे नाव पूर्वज गणबाशेट यांच्यावरून पडले असे मानतात. साहेबाच्या उच्चारात गणबा असे काही हरवले, की मराठी माणसालाही ओळखू येऊ नयेत!

१८०३ मध्ये जन्मलेल्या नानांवर १८२२ साली वडिलांच्या निधनाने पेढीचा भार आला. अरब व्यापारीही त्यांच्याकडे विश्वासाने ठेवी ठेवत. हीच पत त्यांनी सार्वजनिक कार्यात पणाला लावली. सनातन्यांचा रोष पत्करून त्यांनी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, त्या रेल्वे कंपनीच्या संचालकांतही नाना होते. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे निधन झाले. घराण्याने उभारलेले भवानीशंकर मंदिर नाना चौकानजीक आहे.