पाव्हलॉव्हची घंटा आणि पाव्हलॉव्हची खोली

मानसशास्त्राच्या पुस्तकात इव्हान पाव्हलॉव्ह दीड पानात आटोपतात. कुत्रा, घंटा, लाळ आणि परीक्षेला पाच गुण. परंतु त्यांचे चरित्र वाचताना मला असे दिसले की, हा थोर संशोधक घंटेपेक्षा जास्त झुंजला तो घंटा जिथे वाजते त्या खोलीशी.

रशियातील रियाझान गावी १८४९ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहानपणी उंचावरून दगडी फरशीवर पडल्यामुळे अकराव्या वर्षापर्यंत त्यांना शाळा दिसली नाही. पुढे घरच्या रीतीप्रमाणे धर्मशिक्षणाच्या विद्यालयात घातले. पण विज्ञानाच्या वाचनाने मन उडाले आणि १८७० साली ते शिक्षण अर्धवट टाकून ते पीटर्सबर्ग विद्यापीठात आले. वाडवडिलांची वाट सोडून शहरात शिकायला येणे काय असते, हे माझ्या घरातल्या पहिल्या कॉलेजकुमाराला, म्हणजे मला, निराळे सांगायला नको!

पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या कामातच एक अडचण उभी राहिली होती. अन्न तोंडात पडण्याआधीच, खाऊ घालणाऱ्याच्या नुसत्या चाहुलीने कुत्र्यांना लाळ सुटे. दुसऱ्या एखाद्याने ही कटकट म्हणून सोडून दिली असती. पाव्हलॉव्ह यांनी पन्नाशी उलटल्यावर तिलाच आयुष्याचे काम केले. (घंटा आपल्याकडे फार गाजली, त्यांच्या प्रयोगांत ठोके देणारे यंत्र, दिवा, कातडीला स्पर्श असे पुष्कळ काही असे.) एका ठोक्यानंतर अन्न मिळत गेले की ठोका ऐकताच लाळ येते, त्याच्यासारख्या दुसऱ्या आवाजालाही थोडी येते. पण एकाच आवाजानंतर अन्न दिले आणि दुसऱ्यानंतर कधीच दिले नाही, तर कुत्रा दोघांतला फरक शिकतो.

इथवर सारे सुरळीत. पण एखादा साहाय्यक कुत्र्याला नवे काही शिकवून मोठ्या उत्साहाने गुरुजींना बोलावी, पाव्हलॉव्ह खोलीत येत आणि प्रयोग फसे. कुत्रा कान टवकारी, नव्या माणसाला हुंगे. लाळेचा थेंब नाही. शिकलेले तो विसरला नव्हता. खोलीत एक माणूस वाढला होता, एवढेच.

म्हणून १९१० नंतर मॉस्कोच्या एका व्यापाऱ्याने ठेवलेल्या निधीतून त्यांनी खास इमारत उभारली. जाड भिंती, भोवती चर, कुत्रा आत आणि संशोधक बाहेर. लोक तिला शांततेचा मनोरा म्हणत. (जवळपास त्याच काळात, १९१६ साली, आपल्या अमळनेरला प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले. व्यापाऱ्याचा पैसा कुठे कुठे ज्ञानाच्या कामी येतो!)

आवाज बाहेर ठेवता आला. खोली मात्र बाहेर ठेवता आली नाही. भिंती, पट्टे, उभे राहण्याची चौकट हे सगळेच कुत्र्याच्या शिकण्यात मिसळत असे. पाव्हलॉव्ह यांचे शिष्य अस्रात्यान यांनी पुढे हे फार स्पष्ट दाखविले. खूण एकच, एका परिस्थितीत तिच्यामागून अन्न, दुसरीत विजेचा झटका. कुत्रे दोन्ही शिकले. त्या खुणेचा अर्थ काय, हे भोवतालची परिस्थिती ठरवी.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेची घंटा आठवत बसलो. दुपारी ती वाजली की खिचडीचा वास यायच्या आधीच तोंडाला पाणी सुटे. परीक्षेच्या दिवशी तीच घंटा, तोच टोल, आणि तळहाताला घाम. भाषेचेही तसेच. घरी, ओट्यावर अहिराणी कशी भरभर येते! तोंडी परीक्षेला परके परीक्षक समोर बसले की अहिराणी तर राहोच, पाठ केलेली पुस्तकी मराठीही जिभेवर येत नाही. आमच्यातल्या कितीजणांना यावरून ठोंब्या म्हटले गेले असेल! त्या साहाय्यकाच्या कुत्र्याला तरी पाव्हलॉव्ह यांनी ठोंब्या म्हटले नाही.

१९२४ साली लेनिनग्राडला महापूर आला. पिंजऱ्यातल्या कुत्र्यांना पाण्यातून पोहवत बाहेर काढावे लागले. नंतर काहींचे शिकलेले सारे पुसल्यासारखे झाले. पुढे ते हळूहळू परतले. पण दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडताच एक कुत्रा पुन्हा थरथरू लागला. बोरीचा पूर पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. अलीकडच्या संशोधकांनाही हेच आढळले आहे की, एका जागी विझवलेली भीती दुसऱ्या जागी पुन्हा डोके वर काढते.

पाव्हलॉव्ह १९३६ च्या फेब्रुवारीत, शहाऐंशीव्या वर्षी, न्यूमोनियाने वारले. शेवटपर्यंत त्यांचे काम चालू होते.

आम्ही गावाकडचे चौघे हल्ली तोंडी परीक्षेची तयारी एका जागी करीत नाही. एक दिवस खोलीवर, एक दिवस बोरीच्या काठी, आणि शिपाईमामांनी दार उघडून दिले तर रिकाम्या परीक्षागृहात. तिथे एकजण परीक्षक होऊन खुर्चीवर बसतो आणि मुद्दाम हसत नाही.