आकाशपाळणा उभारणारा फेरिस

जत्रेतील पाळणा कोणाला ठाऊक नाही? देवदर्शन आटोपले, की मुलांचे पाय आपोआप पाळण्याकडे वळतात. पाळणा वर जाऊ लागला, की छाती धडधडते. खाली येऊ लागला, की पोटात गोळा उठतो. आणि अगदी माथ्यावर पोहोचल्यावर सारे गाव क्षणभर पायांखाली पसरलेले दिसते. असे लाकडी पाळणे आपल्या देशात आणि इतर अनेक देशांत फार जुन्या काळापासून माणसे हातांनी फिरवीत आली आहेत. परंतु एकाच वेळी दोन हजारांहून अधिक माणसांना आकाशाची सफर घडविणारे पोलादी चक्र सर्वप्रथम उभे केले, ते जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस या अमेरिकन अभियंत्याने. आज जगातील अनेक देशांत या पाळण्याला त्याच्याच नावाने ओळखतात.

फेरिसचा जन्म १४ फेब्रुवारी १८५९ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात गेल्सबर्ग या गावी झाला. तो पाच वर्षांचा असताना त्याचे कुटुंब पश्चिमेकडील नेव्हाडा प्रांतात राहावयास गेले. तेथे कार्सन नदीवर पाण्याचा एक मोठा रहाट होता. नदीच्या प्रवाहाने तो फिरे, त्याला लावलेल्या बादल्या भरून वर जात आणि रित्या होऊन खाली येत. लहानगा जॉर्ज तो रहाट तासन् तास पाहत बसे, असे सांगतात. पुढे आपल्या हातून त्याच आकाराची, परंतु शतपट मोठी वस्तू घडणार आहे, याची त्या बालकाला काय कल्पना असणार!

कॅलिफोर्नियातील एका सैनिकी शाळेत शिक्षण घेतल्यावर फेरिस न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील प्रसिद्ध तंत्रविद्यालयात दाखल झाला आणि १८८१ साली स्थापत्यशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. तो काळ अमेरिकेत रेल्वेच्या विस्ताराचा होता. नद्यांवर नवे नवे पूल बांधले जात होते आणि लोखंडाची जागा पोलाद घेऊ लागले होते. फेरिसने रेल्वेच्या व पुलांच्या कामांवर अनुभव मिळविला आणि पुढे पिट्सबर्ग शहरात स्वतःचा व्यवसाय सुरू केला. पुलांसाठी येणारे पोलाद कसाला लावून पाहणे, ते किती भार सोसेल याचा अचूक हिशेब मांडणे, हे त्याचे काम. पोलादाचा स्वभाव तो असा ओळखू लागला, की कागदावरील आकड्यांवर त्याचा पूर्ण विश्वास बसला. हा विश्वासच त्याचे खरे भांडवल होते.

कोलंबस अमेरिकेस पोहोचला, त्या घटनेला चारशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने शिकागो शहरात एक भव्य जागतिक प्रदर्शन भरविण्याचे ठरले. स्वामी विवेकानंदांनी सप्टेंबर १८९३ मध्ये जी सर्वधर्मपरिषद गाजविली, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. त्यापूर्वी १८८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आयफेल नावाच्या अभियंत्याने सुमारे ३०० मीटर उंचीचा लोखंडी मनोरा उभारून जगाला थक्क केले होते. शिकागोच्या प्रदर्शनाच्या बांधकामाचे प्रमुख डॅनियल बर्नहॅम यांना ही गोष्ट सारखी टोचत होती. त्यांनी अमेरिकेतील अभियंत्यांना एका सभेत जाहीर आव्हान दिले, की आयफेलच्या मनोऱ्यावर मात करील असे काही तरी करून दाखवा.

आव्हान ऐकून अनेकांनी योजना पाठविल्या. परंतु बहुतेकांच्या योजना मनोऱ्यांच्याच होत्या. कोणाचा मनोरा उंच, तर कोणाचा आणखी उंच. फेरिसने वेगळा विचार केला. आयफेलचा मनोरा उंच होता खरा, पण तो एका जागी निश्चल उभा होता. आपण उभारावयाची वस्तू हलली पाहिजे, फिरली पाहिजे आणि माणसांना आपल्याबरोबर घेऊन फिरली पाहिजे, हे त्याच्या मनाने घेतले. कागदावर चक्राची आकृती उमटली. तिचा व्यास होता २५० फूट!

ही आकृती पाहून बर्नहॅम यांना शंका आली. एवढे प्रचंड चाक इतक्या बारीक पोलादी गजांवर कसे तोलले जाणार? वाऱ्याच्या एका झोताने ते कोसळणार नाही कशावरून? त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती, कारण असे काही पूर्वी कोणी केलेलेच नव्हते. फेरिसची युक्ती मात्र साधी होती. बैलगाडीच्या चाकाचे लाकडी आरे खालून टेका देऊन भार पेलतात. सायकलच्या चाकाच्या तारा याच्या उलट, ताणून धरून भार पेलतात. फेरिसचे चाक सायकलच्या चाकासारखे होते. चाकाचा खालचा अर्धा भाग आसापासून गजांच्या आधाराने लोंबकळत राहणार आणि वरचा अर्धा भाग त्या खालच्या भागावर टेकून उभा राहणार. ताण सोसण्याचे सामर्थ्य पोलादात किती असते, हे फेरिसइतके कोणाला ठाऊक असणार?

आपला हिशेब खरा आहे हे पटवून देण्यासाठी त्याने स्वतःच्या पदरचे सुमारे २५,००० डॉलर खर्च करून संपूर्ण आराखडे तयार करविले. प्रदर्शनाच्या चालकांनी एकदा परवानगी दिली आणि लगेच ती काढूनही घेतली. तरीही त्याने धीर सोडला नाही. भांडवल उभे करण्यासाठी तो धनिकांकडे खेपा घालीत राहिला. अखेर १६ डिसेंबर १८९२ रोजी त्याला पक्की परवानगी मिळाली. प्रदर्शनाचे उद्घाटन होणार होते १ मे १८९३ रोजी. हाती उरले होते अवघे साडेचार महिने!

त्यातून तो शिकागोचा कडक हिवाळा. जमीन गोठून दगडासारखी झालेली, आणि तो कठीण थर फोडावा तर खाली पाण्याने भरलेली भुसभुशीत वाळू. कामगारांनी वाफेचे झोत सोडून जमीन वितळविली आणि ओतलेले काँक्रीट गोठू नये म्हणूनही वाफेचाच उपयोग केला. वाळूच्या थरातून लांबलचक खांब ठोकून त्यांवर पाया घातला. त्या पायावर १४० फूट उंचीचे दोन मनोरे उभे राहिले. या मनोऱ्यांच्या माथ्यावर चाकाचा आस बसवावयाचा होता. हा आस ४५ फुटांहून अधिक लांब आणि वजनाने सुमारे ४० टन होता. तोपर्यंत पोलादाचा एवढा मोठा एकसंध तुकडा कोणी घडविला नव्हता. तो अवजड आस कामगारांनी सुखरूप वर चढविला. निरनिराळ्या कारखान्यांत तयार झालेले भाग एकमेकांत नेमके बसले. एखाद्या भागाचे माप चुकले असते, तर सारे काम तेथेच अडले असते.

एवढे करूनही १ मे उजाडली, प्रदर्शन सुरू झाले आणि चाक अपुरेच राहिले. येणारे जाणारे लोक त्या अर्ध्यामुर्ध्या सांगाड्याकडे पाहून माना हलवीत. शेवटी ९ जून १८९३ रोजी, पाळणे न टांगता, चाक प्रथमच फिरवून पाहण्याचे ठरले. फेरिस त्या दिवशी पिट्सबर्गला होता. बांधकामाची देखरेख करणाऱ्या ल्यूथर राइसने वाफेचे यंत्र सुरू करण्याची खूण केली. चाक करकरत हलले आणि वरून टपटप आवाज येऊ लागला. कामगारांकडून वर विसरून राहिलेले नट, बोल्ट आणि पाने खाली पडत होते! बाकी काही पडले नाही. सुमारे वीस मिनिटांत चाकाने एक फेरा पुरा केला. राइसने ही आनंदाची वार्ता तारेने फेरिसला कळविली. पाळणे टांगण्याचे काम रात्रंदिवस चालू ठेवावे, असा फेरिसने उलट निरोप धाडला.

दोनच दिवसांनी, ११ जून रोजी, सहा पाळणे टांगून झाले होते. आता त्यांत माणसांनी बसून पाहावयाचे होते. यंत्र फिरले, म्हणजे माणसे सुरक्षित राहतील असे थोडेच ठरते? पहिल्या फेरीला बसण्यास जी मंडळी पुढे झाली, त्यांत चाकाचा हिशेब मांडण्यास मदत करणारा ग्रोनाऊ होता आणि फेरिसची पत्नी मार्गारेट होती. आपल्या पतीचे आकडे खरे आहेत, यावर तिने आपल्या प्राणांची पैज लावली, असेच म्हटले पाहिजे. पाळणा हळूहळू वर चढला. एका बाजूस मिशिगन सरोवराचे अथांग पाणी, दुसऱ्या बाजूस शिकागोची घरे आणि खाली प्रदर्शनातील शुभ्र इमारतींची नगरी! चाकाने एक फेरा घेतला आणि मार्गारेट सुखरूप खाली उतरली. त्यानंतर पुष्कळांनी उंच उंच पाळण्यांत बसण्याची मौज लुटली आहे. परंतु त्या पहिल्या फेरीची सर दुसऱ्या कोणत्याही फेरीला येणार नाही.

२१ जून रोजी चाकाचे रीतसर उद्घाटन झाले. मार्गारेटने फेरिसच्या हाती सोन्याची शिट्टी दिली, त्याने ती फुंकली आणि चाक फिरू लागले. जमिनीपासून त्याची उंची २६४ फूट होती. आपल्या मुंबईतील गेटवे ऑफ इंडियासारख्या तीन इमारती एकावर एक रचल्या, तर जेवढी उंची होईल जवळजवळ तेवढीच! चाकाला ३६ पाळणे होते. पाळणे म्हणजे रेल्वेच्या डब्याएवढ्या मोठ्या, काचेच्या खिडक्यांच्या खोल्याच. प्रत्येक खोलीत ६० माणसे मावत, म्हणजे एका वेळी २,१६० माणसे आकाशात जात. तिकीट ५० सेंटचे, म्हणजे साऱ्या प्रदर्शनाच्या प्रवेशाइतकेच होते. तरी लोकांच्या रांगा लागत. रात्री चाकावरील सुमारे ३,००० विजेचे दिवे उजळत. ज्या काळात बहुतेक घरांत तेलाचा किंवा गॅसचा दिवा जळे, त्या काळात ते दृश्य पाहणाऱ्यांना काय वाटले असेल!

सर्वांनाच उंची मानवते असे नाही. एकदा एक धिप्पाड गृहस्थ चाक वर चढू लागताच भयाने बेभान झाला आणि दारावर अंग झोकू लागला. तो कोणालाच आवरेना. तेव्हा एका प्रसंगावधानी स्त्रीने आपले वस्त्र त्याच्या डोक्यावरून टाकून त्याचे डोळे झाकले. खालचे काही दिसेनासे होताच तो शांत झाला, अशी हकीकत सांगतात. त्याच उन्हाळ्यात शिकागोवर भयंकर वादळ आले. त्या वादळात फेरिस, त्याची पत्नी आणि एक वार्ताहर स्वतः पाळण्यात बसून राहिले आणि चाक स्थिर राहिले, असेही सांगतात. वाऱ्याच्या एका झोताने चाक कोसळेल, ही शंका मात्र वादळाबरोबर पार उडून गेली. नोव्हेंबरच्या आरंभी चाक थांबेपर्यंत सुमारे साडेचौदा लाख माणसांनी त्यात बसून आकाश पाहिले.

चाकाने विजय मिळविला; चाक उभारणाऱ्याच्या वाट्याला मात्र सुख आले नाही. तिकिटांचे सात लाखांहून अधिक डॉलर जमा झाले, पण त्यांच्या वाटणीवरून प्रदर्शनाच्या चालकांशी तंटे व कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. कर्जाचा बोजा वाढत गेला. चाक शिकागोतच दुसऱ्या जागी हलविले, पण तेथे पूर्वीसारखे लोक येईनात. पत्नीही त्याच्यापासून दूर झाली. अशा विवंचनेत असतानाच विषमज्वराने २२ नोव्हेंबर १८९६ रोजी पिट्सबर्गच्या रुग्णालयात फेरिसचा अंत झाला. त्या वेळी त्याचे वय अवघे ३७ वर्षांचे होते. दहनाचे पैसे चुकते न झाल्यामुळे त्याची रक्षाही वर्षाहून अधिक काळ तशीच पडून राहिली. पुढे १९०४ साली सेंट लुईस येथील प्रदर्शनात ते चाक पुन्हा एकदा फिरले आणि ११ मे १९०६ रोजी सुरुंग लावून ते पाडण्यात आले. त्याचे पोलाद भंगारात गेले.

चाक गेले, पण कल्पना राहिली. फेरिसच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी, १८९७ साली, ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात असेच एक चाक उभे राहिले. ते आजही फिरत आहे. लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी १३५ मीटर उंचीचे चाक २००० सालापासून प्रवाशांना घेऊन फिरते. पॅरिसचा मनोरा पाहण्यास पॅरिसलाच जावे लागते. फेरिसचे चाक मात्र गावोगावच्या जत्रांत पोहोचले आहे.

ज्याने स्वतः वृक्ष लावला, त्यालाच त्याची फळे चाखावयास मिळतात असे नाही. फेरिसने शंका ऐकल्या, नकार सोसला, पण नीट तपासून पाहिलेल्या आपल्या हिशेबावरील श्रद्धा ढळू दिली नाही. म्हणून आज जगातील असंख्य मुलांना क्षणभर पक्ष्यांच्या उंचीवरून धरती पाहण्याचा आनंद मिळतो. पुढच्या जत्रेत पाळणा माथ्यावर पोहोचून क्षणभर थांबेल, तेव्हा त्या अभियंत्याची आठवण अवश्य करा.